किटलीच्या तळाचा चीक

सोमवारी सकाळी साडेदहाला पार्सल आलं. थर्माकोलचा डबा हातात घेतल्याबरोबर मला कळलं, कारण तो गार नव्हता. आत चार किलो कोरडा बर्फ असायला हवा होता. आत होती नाशिकच्या गोदामात तीन दिवस मुक्काम करून आलेली एप्रिलची हवा, आणि तिच्या मधोमध माझी बोटभर बाटली. बाटलीवरची तापमानाची पट्टी पांढरी राहायला हवी होती. ती लालभडक झाली होती.

मी नोंदवहीत लिहिलं: "वृद्धिघटक आयजीएफ, एक बाटली. गोठलेली यायला हवी होती, कोमट आली. निरुपयोगी." मग पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "अरेरे."

"एवढंच?" शेजारच्या टेबलावरून रुपाली म्हणाली. रुपाली आणि मी एकाच प्रयोगशाळेत काम करतो, ती माशांवर आणि मी शेळ्यांवर. "मी असते तर त्या कुरिअरवाल्याच्या गाडीपुढे आडवी पडले असते. थोडं रडा तरी, ज्ञानेश्वरी मॅडम. मला बरं वाटेल."

रडायला वेळ नव्हता. शनिवारी अकरा वाजता समिती होती.

माझं काम थोडक्यात असं. मूत्रपिंडाला खेटून अधिवृक्क नावाची एक लहानशी ग्रंथी असते. शेळीच्या पोटातल्या करडाची ही ग्रंथी बरेच दिवस नुसती बसून असते. शेवटच्या पंधरवड्यात मात्र ती भराभर वाढते आणि कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक सोडू लागते. ते नाळेतून वारेपर्यंत पोचतं, तिथून आईच्या शरीराचं सगळं गणित पालटतं, आणि शेळी विते. म्हणजे शेळीत जन्माची वेळ आई ठरवत नाही, करडू ठरवतं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि ग्रंथालयात एकटीच हसले होते. अजूनही हसू येतं.

प्रश्न असा, की त्या ग्रंथीला "आता" असं सांगतं कोण? मेंदूकडून एसीटीएच नावाचा हुकूम सुटतो, हे माहीत आहे. पण कोवळ्या पेशी तो हुकूम धड ऐकतच नाहीत. त्यांच्या आजूबाजूला वृद्धिघटक नावाची प्रथिनं असतात आणि त्यांचं आपसात पटत नाही. एक म्हणतं, वाढा, दोनाच्या चार व्हा, कामाचं नंतर बघू. दुसरं म्हणतं, हुकूम ऐका आणि कॉर्टिसॉल करायला घ्या. तिसरं म्हणतं, सगळे थांबा. यातलं दुसरं म्हणजे आयजीएफ. त्याचं प्रमाण वाढलं की आपल्या संगमनेरी शेळीच्या पेशींना हुकूम ऐकू येऊ लागतो, असा माझा अंदाज होता. अंदाज चार वर्षांचा झाला होता. पुरावा त्या बाटलीतून निघायचा होता, आणि बाटली कोमट होती.

पेशी मात्र तयार होत्या. त्या मेहताबभाभींच्या चांदनी शेळीच्या करडाच्या.

मेहताबभाभी नदीपलीकडे राहतात. त्यांच्याकडे अकरा संगमनेरी शेळ्या आहेत आणि रक्ताचे नमुने घ्यायला मी दर महिन्याला जाते, त्यामुळे शेळ्या मला ओळखतात आणि मी दिसले की पळतात. गेल्या वर्षी त्यांची चांदनी नावाची गाभण शेळी नाशिक–पुणे रस्त्यावर टेम्पोखाली आली. भाभींनी डॉक्टरांना फोन केला आणि मग मला. करडू वाचलं नाही. भाभी म्हणाल्या, "तुमच्या कामाचं त्यात काही असंल तर घेऊन जावा. कशाला तरी लागू द्या." करडाच्या भिजवलेल्या हरभऱ्याएवढ्या दोन ग्रंथी मी घेऊन आले. त्यांतल्या पेशींच्या बारा कुप्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवल्या. अकरा कुप्या चाचपडण्यात संपल्या. बारावी मी गेल्या गुरुवारी उघडली होती, पार्सल निघाल्याचा निरोप आल्यावर, मोठ्या विश्वासाने.

उघडलेल्या पेशी थांबत नाहीत. आठदहा दिवसांत त्या आपलं काम विसरतात आणि नुसत्या पसरत राहतात.

आमचे विभागप्रमुख गुंजाळ सर भला माणूस, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. "चार वर्षं झाली, ज्ञानेश्वरी. शनिवारी समितीला एक आकडा दाखवा. नाहीतर हा विषय बंद करू. गांडूळखताचा प्रकल्प रिकामाच आहे."

गांडुळांविषयी मला आदर आहे. पण करडाने आपला जन्म ठरवावा आणि मी खताचे ढीग उलथावेत, हे काही मनाला पटेना.

दुपारी डबा खाताना मला ती गोष्ट आठवली. आठवली म्हणजे काय, घास तोंडातच राहिला. जनावर व्यायल्यावर पहिल्या धारेचं जे दाट दूध येतं, तो चीक, त्यात आयजीएफ ठासून भरलेला असतो. दुधापेक्षा कितीतरी पट. मी परदेशातून मागवलेली बाटली गोदामात शिजत होती आणि तेच प्रथिन नदीपलीकडे एका शेळीच्या कासेत उतरत होतं, फुकट, योग्य तापमानाला.

मी भाभींना फोन लावला. "भाभी, चांदनीची बहीण गाभण आहे ना? कधी विणार?"

"सुलताना? आज-उद्या. शेपटीपाशी हाडं सैल पडलीत. का वो?"

"मला तिचा चीक हवाय. पहिल्या धारेचा. थोडासा."

"आधी करडू पिणार," भाभी म्हणाल्या.

"आधी करडू," मी म्हणाले. "पोटभर. मग उरला तर."

"पोटुशी हाय का कोनी तुमच्यात? एवढी घाई लागली खरवसाची."

"खरवसाला नको. चांदनीच्या करडाच्या पेशींना द्यायचाय."

फोनवर मागे एक शेळी ओरडली. मग भाभी म्हणाल्या, "म्हंजे मावशीचं दूध. देते. पन मला एक सांगा, ते करडूच ठरवतं म्हनता ना कधी यायचं? मग माझा उझैर पंधरा दिवस उशिरा आला, तर सासूनं मला का ऐकवलं? पोराला जाऊन बोलायचं!"

"माणसात ते थोडं जास्त गुंतागुंतीचं असतं, भाभी."

"ऱ्हाऊ द्या. सासूला हेच सांगते."

मंगळवार गेला. मी दिवसातून पाच वेळा फोन केला. पाचव्या वेळी भाभी म्हणाल्या, "मॅडम, सुलताना फोन उचलत न्हाई, तिला काम हाय."

बुधवारी पहाटे सुलताना व्याली. एकच करडू, पण दांडगं. भाभींचा निरोप सातला आला आणि मी प्रयोगशाळेतल्या रिकाम्या खोलीत स्वतःभोवती एक गिरकी घेतली. दार बंद होतं. भाभी अकरापर्यंत चीक आणून देणार होत्या. मला मात्र साडेदहा ते दीड प्रात्यक्षिक परीक्षेवर बसायचं होतं, मोबाईल बाहेर ठेवून. मी भाभींना सांगितलं, "प्रयोगशाळेत सहादेवमामा असतील, त्यांच्याकडे द्या."

सहादेवमामांना मात्र मी काहीच सांगितलं नाही. हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे जे झालं त्यात चूक कोणाची होती याची नोंद नीट असलेली बरी.

सहादेवमामा आमचे प्रयोगशाळा परिचर. एकतीस वर्षं नोकरी. काचसामान धुणं, ते ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करणं, म्हणजे एका मोठ्या कुकरमध्ये वाफ कोंडून उकळणं, नोंदी ठेवणं, हे सगळं त्यांच्याकडे. नियम म्हणजे नियम. नियम बहुतेक मीच केलेले.

पावणेदोनला मी प्रयोगशाळेचं दार ढकललं. आत वेलदोड्याचा वास होता.

रुपाली टेबलावर बसून पाय हलवत होती. गुंजाळ सर खिडकीशी उभे होते, हातात काचेची बशी, चेहऱ्यावर मी चार वर्षांत न पाहिलेलं समाधान. सहादेवमामा सुरीने वड्या पाडत होते.

"या मॅडम, या!" मामा म्हणाले. "तुमच्यासाठी कोपऱ्याची राखून ठेवलीय."

मी सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. वडी तोंडात टाकली. लुसलुशीत, गुळाची, वर जायफळाची बारीक भुकटी. इतका चांगला खरवस मी माझ्या लग्नातही खाल्ला नव्हता. मी दुसरी वडी उचलली, आणि दुसऱ्या वडीच्या अर्ध्यावर विचारलं, "कोणाकडचा?"

"ती न्हाई का, मेहताबभाभी," मामा म्हणाले. "शेळी व्याली त्यांची. मॅडमला द्या म्हनल्या. किटली भरून."

मी उरलेली अर्धी वडी हातात धरून उभी राहिले. त्या वडीत किती नॅनोग्रॅम आयजीएफ होता, याचा हिशेब माझं डोकं आपोआप करू लागलं.

"मामा," मी म्हणाले, "तो फ्रिजमध्ये ठेवायचा ना."

"कसा ठेवनार?" मामांनी फ्रिजच्या दारावर बोट दाखवलं. तिथे माझ्याच अक्षरात, लाल शाईत, लिहिलेलं होतं: 'या फ्रिजमध्ये खाण्याचे पदार्थ कोणत्याही कारणास्तव ठेवू नयेत.' "गेल्या साली मी दह्याची वाटी ठेवली तर तुमी माझ्याकडून पानभर लिहून घेतलं. चीक हा खान्याचा पदार्थ हाय. बाहेर ठिवला तर उन्हानं नासंल. दीडपर्यंत तुमचा पत्ता न्हाई. मग काय करायचं? घरातला गूळ आनला, कँटीनचं दूध आनलं, आन शिजवला."

"कशात शिजवला?"

मामांचा चेहरा उजळला. हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून ते थांबलेलेच होते. त्यांनी डब्याचं झाकण पुढे केलं. झाकणावर ऑटोक्लेव्हची कागदी चिकटपट्टी लावलेली होती. काचसामान पुरेसं तापलं की त्या पट्टीवर काळ्या रेघा उमटतात. उमटलेल्या होत्या.

"माध्यमाच्या, म्हंजे पेशींच्या खाद्याच्या, ऑटोक्लेव्हात, कचऱ्याच्या न्हाई," मामा म्हणाले. "पट्टी लावली, वहीत नोंद केली. बगा, रेघा आल्यात. म्हंजे आतवर शिजला. एक जंतू न्हाई निघायचा."

वहीत खरोखर नोंद होती. 'बुधवार, १२.१०. खरवस, एक डबा. दहा मिनिटं. सहादेव.'

गुंजाळ सरांनी बशी खाली ठेवली. त्यांना आता काहीतरी समजू लागलं होतं. "ज्ञानेश्वरी, हा तोच का... शनिवारचा?"

"हो, सर."

"म्हणजे मी..."

"चार वड्या," रुपाली म्हणाली. "मी मोजल्यात." मग माझ्याकडे पाहून तिचा आवाज खाली आला. "मॅडम, खरवसच घातला पेशींना तर? थोडा कुस्करून?"

"एकशे एकवीस अंशाला प्रथिन टिकत नाही," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखाच होता. मला त्याचं नवल वाटलं. सुलताना आता करडाला पाजत असेल. उद्याचा चीक आजच्यापेक्षा पातळ, परवाचा जवळपास दूधच. उद्याचा आणला तरी पेशींना पुरेसा वेळ मिळणार नव्हता. मला खिडकीबाहेर गांडूळखताचे वाफे दिसत होते. ते तिथे आधीपासून होते, पण एवढे स्पष्ट कधी दिसले नव्हते.

मामांच्या हातातली सुरी तशीच राहिली होती. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला फसलेल्या प्रयोगाचा वास येतो. ते वळले आणि मोरीकडे गेले. भाभींची किटली तिथे कट्ट्यावर होती. बाजूला साखरेचा डबा. माणूस ओशाळला की हाताला लागेल ते काम उरकून टाकतो. मामांनी साखरेची मूठ भरली आणि किटलीचं झाकण काढलं.

"हे काय करताय?" मी विचारलं.

"किटली परत द्यायची. चिकाचं भांडं रिकामं देत न्हाईत. साखर घालून देतो."

"धुतली का?"

मामा दुखावले. "चिकाचं भांडं कोन धुतं? माझी आज्जी म्हनायची, तळाशी थोडा चीक ठिवूनच परत द्यायचा, न्हाई तर जनावर आटतं. ठिवलाय की दोन पळ्या. त्यात साखर..."

"थांबा!"

ही आरोळी मी मारली. मला ते नंतर सांगण्यात आलं. पलीकडच्या वर्गात शिकवणं थांबलं. रुपाली टेबलावरून घसरली. मामांची मूठ किटलीच्या तोंडावर होती आणि साखरेचे काही दाणे त्यांच्या बोटांतून निसटून कट्ट्यावर, कट्ट्यावरच, पडले.

मी धावले. प्रयोगशाळेत धावू नये, हाही माझाच नियम. किटली मामांच्या हाताखालून काढून घेतली आणि आत पाहिलं. तळाशी, पिवळसर, दाट, साईसारखा, चीक होता. मी तो निर्जंतुक नळीत ओतला. रेघेवर मोजला. एकतीस मिलीलीटर.

"किती लागतो?" गुंजाळ सरांनी घाबरत विचारलं.

"एक चमचा," मी म्हणाले.

मामांनी साखरेची मूठ डब्यात रिकामी केली. मग मामा म्हणाले, "एक चमचा? मग बाई, एवढं बोंबलायला काय झालं? उरलेल्यात आजून दोन वड्या झाल्या असत्या!"

आणि मी हसायला लागले. थांबवता येईना. रुपाली हसली, सर हसले, हसता हसता सरांनी पाचवी वडी उचलली आणि कोणी काही म्हटलं नाही. मामा मात्र आपल्या आज्जीच्या बाजूने उभे असल्यासारखे ताठ उभे होते.

पुढचं काम मात्र हसण्याचं नव्हतं. चिकातली चरबी आणि केसीन काढल्याशिवाय तो पेशींना देता येत नाही. चरबी यंत्रात गरगर फिरवून निघते. केसीनसाठी सोपी युक्ती म्हणजे थोडं आम्ल. रुपाली आम्लाची बाटली घेऊन आलीसुद्धा. मी तिचा हात धरला.

"आम्ल नको. चिकात 'थांबा' म्हणणारा तिसरा घटकही असतो. आत्ता तो गुंडाळलेला, झोपलेला आहे. आम्लाने जागा होईल आणि सगळ्या पेशी बंद पाडेल."

"मग?"

"रेनेट. चीज करताना दूध विरजायला वापरतात ती गोळी."

"दूध संघात माझी मैत्रीण आहे," रुपाली म्हणाली आणि ओढणी गुंडाळून स्कूटीवर गेली. वीस मिनिटांत परतली. एवढ्या वेळात तिकडे जाऊन येता येत नाही, हे संगमनेरची वाहतूक पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. ती कुठून गेली, मी विचारलं नाही.

चीक फिरवला, चरबी काढली, गोळीचा तुकडा घातला, दही बसलं, वरचं नितळ पिवळं पाणी जंतू अडवणाऱ्या गाळणीतून गाळलं. बुधवारी सहा वाजायच्या आत ते पाणी पेशींवर पडलं. चार रांगा केल्या. पहिलीला काहीच नाही. दुसरीला नुसता एसीटीएचचा हुकूम. तिसरीला नुसता चीक, कारण चिकात स्वतःचंही थोडं कॉर्टिसॉल असतं आणि ते आपल्या खात्यावर लावायचं नसतं. चौथीला हुकूम आणि चीक, दोन्ही. मी उबवणीपेटीचं दार लावलं आणि त्यावर एक कागद चिकटवला. 'हे खाण्याचे नाही.'

मामांनी तो वाचला. "एवढं खाली उतरू नका, मॅडम," ते म्हणाले. पण गुरुवारी आणि शुक्रवारी, मी यायच्या आधी, ते पेटीसमोर स्टूल टाकून बसलेले असायचे. विजेची ये-जा चालू होती आणि बॅटरीवर त्यांचा विश्वास नव्हता. "माझ्या हातनं गेलं असतं तुमचं," एकदाच म्हणाले.

"तुमच्याच हाताने राहिलं," मी म्हणाले. "ती पाटी माझी होती."

शनिवारी मी सकाळी सहाला आले. पेशींवरचं पाणी काढलं आणि कॉर्टिसॉल मोजायची चाचणी लावली. साडेतीन तास लागतात. शेवटी चाचणीच्या ताटातल्या प्रत्येक खळग्यात रंग येतो, पिवळा. पावणेदहाला मी ताट उजेडात धरलं. माझ्या मागे रुपाली आणि मामा, दोघं टाचा उंचावून.

पहिली रांग गडद पिवळी. दुसरी थोडी फिकी. तिसरी जवळजवळ पहिलीइतकीच. चौथ्या रांगेत रंग होता की नव्हता, ते डोळे बारीक करून पाहावं लागलं.

"गेलं," मामा पुटपुटले. "कायबी आलं न्हाई तिच्यात." त्यांनी टोपी काढली. खरंच काढली, कोणाच्या दारावर, दुखवट्याला, जाताना काढतात तशी.

मी ताट टेबलावर ठेवलं. "मामा, या चाचणीत रंग उलटा बोलतो. आपलं कॉर्टिसॉल आणि रंगाचं कॉर्टिसॉल यांची एकाच जागेसाठी चढाओढ असते. आपलं जास्त असेल तर रंगाला बसायला जागाच उरत नाही."

मामा विचार करू लागले. "म्हंजे बस भरून आली तर आपल्याला दांड्याला लटकायलाबी मिळत न्हाई."

"तसंच."

"आन ही चौथी रांग..."

"भरून आली."

मामांनी टोपी घातली, पुन्हा काढली, हवेत उडवली. ती मत्स्यटाकीत पडली. रुपालीच्या माशांनी त्या दिवशी काही खाल्लं नाही.

समितीत पाच जण होते. मी उभी राहिले आणि चार रांगा, चार आकडे मांडले. काहीच न देता: शून्याच्या जवळ. हुकूम एकटा: चार. चीक एकटा: दोन. दोन्ही मिळून: एकतीस. बाहेरून आलेल्या सदस्य बाई चष्मा खाली घेऊन म्हणाल्या, "चिकातलंच कॉर्टिसॉल मोजलंत, असं कशावरून नाही?"

हा प्रश्न कोणीतरी विचारावा म्हणून मी थांबलेलीच होते. "तिसरी रांग," मी म्हणाले. "ते दोन वजा केले आहेत. उरतात एकोणतीस. हुकूम तोच, पेशी त्याच. सातपट ऐकल्या."

बाई आकड्यांकडे पाहत राहिल्या, मग एकदम हसल्या, बावीस वर्षांच्या मुलीसारख्या.

"एका प्रयोगाने सिद्ध झालं असं मी म्हणत नाही," मी म्हणाले. "चिकात शंभर गोष्टी असतात. त्यांतला आयजीएफ अडवला की परिणाम जातो का, ते पाहायला हवं. पेशी नव्याने मिळवाव्या लागतील. दोन वर्षं लागतील."

"चीक कुठून आणला?" बाईंनी विचारलं.

गुंजाळ सरांना ठसका लागला. ते पाणी प्याले आणि मग, कोणी विचारलं नसताना, म्हणाले, "दोन वर्षं द्यावीत असं माझं मत आहे. गांडुळं दुसऱ्या कोणाला तरी देऊ."

संध्याकाळी मी किटली घेऊन नदीपलीकडे गेले. मामांनी साखर स्वतः घातली होती, गळ्यापर्यंत. सुलताना मला पाहून पळाली. तिचं करडू पळालं नाही. तीन दिवसांचं होतं, त्याला माझा इतिहास माहीत नव्हता. ते चारही पाय एकदम उचलून जागच्या जागी उडत होतं, बाजेवर, बाजेखाली, पाण्याच्या घमेल्यात आणि घमेल्यातून भाभींच्या मांडीवर.

"काय झालं?" भाभींनी विचारलं.

"हुकूम ऐकला," मी म्हणाले.

"चांदनीच्या करडानं?"

"हो. त्याच्या पेशींनी."

भाभींनी मांडीवरच्या करडाच्या कानामागे खाजवलं. "म्हंजे मावशीचं दूध पिऊन त्येनं ठरवलं म्हनायचं. आता येतो."

हे विधान शास्त्रीयदृष्ट्या बरोबर नव्हतं. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

भाभींनी साखर घरातल्या डब्यात ओतली, तळाशी चार चमचे तशीच ठेवली, वर शेंगा भरल्या आणि किटली माझ्याकडे दिली.

"भाभी, किटली तुमची आहे."

"रिकामी कशी ठेवून घेऊ? तुमी भरून आनली न्हाई का?"

मी तिथे उभी राहून हा हिशेब मनात दोनदा केला. भरलेली किटली आली की थोडं तळाशी ठेवून, भरून परत करायची. ती परत आली की पुन्हा तेच. याला शेवट नाही. एवढ्यात करडू माझ्या पायावर उडी मारून गेलं आणि अर्ध्या शेंगा अंगणात सांडल्या.

"उचलू नका," भाभी म्हणाल्या. "सोनी शेळीचे दिवस भरत आलेत, पुढच्या महिन्यात विणार. तवा मोठी किटली लागंल. ही मामांच्या खरवसाला ठेवा."